गाडी पुन्हापुन्हा हीट होते? पाणी टाकण्याआधी ती कधी तापते ते पाहा

एप्रिल लागला की नागपुरात गाडीवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "गाडी हीट होऊन राहिली भाऊ, काय करू?" गॅरेजमध्ये नेली, पाणी टाकून दिलं, आठवडाभर बरी चालली आणि बर्डीच्या सिग्नलवर काटा परत वर. मग कूलंट बदललं. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी सांगतं की नागपूरची गरमीच अशी आहे, इथे गाडी तापणारच.

हे शेवटचं वाक्य आधी मनातून काढून टाका. याच समजुतीपायी चांगली इंजिनं वाया जातात.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. चालू इंजिनातलं कूलंट साधारण ९० ते १०० अंशांवर असतं. म्हणजे त्या दिवशीसुद्धा बाहेरची हवा कूलंटपेक्षा चाळीस-पन्नास अंशांनी थंडच होती. पण रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे या दोन तापमानांतल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ वर आणि हवा ३० वर असली तर फरक ६५ अंशांचा. हवा ४७ वर गेली की तोच फरक ४८ वर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण काम जवळजवळ पाव हिश्श्याने कमी. धड गाडीत एवढी शिल्लक ताकद ठेवलेली असते. जिचा पंखा मंदावलाय, रेडिएटरच्या झाकणाचं रबर गेलंय किंवा रेडिएटर अर्धा बुजलाय, तिची ही शिल्लक आधीच संपलेली असते. जानेवारीत ती गाडी बिनबोभाट चालते आणि नवतपात रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी राहते. बिघाड हिवाळ्यातही होताच, तेव्हा तो जाणवला नाही एवढंच.

तेव्हा पाणी टाकायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा: गाडी नेमकी कधी तापते? उभी असताना, पळताना, की सुरू केल्यावर लगेच? मेकॅनिकला नुसतं "गरम होते" सांगितलं तर तो अंदाजाने एकेक भाग बदलत जातो. "सिग्नलवर तापते, निघाली की उतरते" एवढं सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं.

सिग्नलवर तापते, पळायला लागली की उतरते

नागपुरात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. व्हरायटी चौक, मेडिकल चौक, दुपारचं कॉटन मार्केट, गाडी मुंगीच्या पावलाने सरकतेय, एसी पूर्ण लावलेला, आणि काटा हळूहळू चढतोय. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर चढून थोडा वेग घेतला की काटा जागेवर.

याचा अर्थ कूलंट फिरतंय, रेडिएटरही काम करतोय. कमी पडतेय ती हवा. पळत्या गाडीत वारा समोरून आपोआप येतो. उभ्या गाडीत तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो. संशयित पहिला पंखा.

गंमत म्हणजे पंखा गाडी तापायच्या कितीतरी आधी इशारा देतो, आणि तो आपण भलत्याच खात्यात टाकतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत तोच पंखा दोघांमधून हवा ओढतो. पंखा मंदावला की सिग्नलवर एसी कोमट हवा फेकायला लागतो आणि गाडी निघाली की पुन्हा थंड होतो. लोक म्हणतात, गॅस कमी झाला असेल. गॅस भरतात, पैसे जातात, एसी सिग्नलवर तसाच राहतो. मार्च-एप्रिलमध्ये तुमच्या गाडीत हे होत असेल तर गॅस भरायच्या आधी पंखा तपासायला सांगा. मे महिन्यातला टो करण्याचा खर्च इथेच वाचतो.

आणखी एक. इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांतला कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद करतो. चालता चालता एसी अचानक कोमट झाला तर आधी तापमानाच्या काट्याकडे बघा.

पंखा घरीच तपासता येतो. गाडी मोकळ्या जागी, सावलीत उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुराने जीव जातो. इंजिन सुरू करा, एसी पूर्ण लावा, बोनेट उघडा. पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. काही गाड्यांत तो कॉम्प्रेसरबरोबर चालू-बंद होत राहतो, तेही ठीक. मग एसी बंद करून इंजिन तसंच चालू ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत, काटा मधल्या जागेवरून हलायच्या आत, पंखा स्वतःहून सुरू झाला पाहिजे. हात, ओढणी, दुपट्टा त्याच्यापासून लांब ठेवा. किल्ली काढलेली असतानाही काही गाड्यांत तो अचानक फिरतो.

फिरलाच नाही तर क्रम असा लावा: फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा छोटा स्विच), मग वायरिंग, मग मोटर. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून नकाशा असतो. गाडी बंद करून पंख्याचा रिले काढा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघा. पंखा चालू झाला तर काहीशे रुपयांत काम आटोपलं. आपल्याकडे उंदरांनी पंख्याची किंवा तापमान सेन्सरची वायर कुरतडलेली असणं फार सापडतं, तेव्हा वायर शेवटपर्यंत हाताने चाचपून बघायला सांगा. अडलेला पंखा काडीने ढकलल्यावर फिरू लागला तर मोटरचे ब्रश झिजलेत. आज फिरला म्हणून तो बरा झाला असं धरू नका.

दोन वेगांच्या पंख्यात एक फसवी गोष्ट होते. कमी वेगाचा रेझिस्टर जळतो आणि पंखा फक्त जोराच्या वेगावरच चालतो. म्हणजे बराच वेळ तो गप्प, काटा चढत जातो आणि मग एकदम घोंगावत सुरू होतो. गॅरेजमध्ये तपासताना "पंखा चालतोय ना" असं म्हणून विषय संपतो. त्याला विचारा, "कमी वेगावर चालतो का?"

पंखा ठणठणीत असला तर कंडेन्सर आणि रेडिएटरची जाळी बघा. नागपूरचे कूलर ज्यांनी सीझनच्या शेवटी उघडलेत त्यांना ताट्यांवरचा पांढरा खारट थर आणि अडकलेली धूळ ठाऊक आहे. कूलरचा पंखा जोरात फिरतो, पण आत हवाच येत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पात्यांचं तसंच होतं. धूळ, किडे, पावसाळ्यातला चिखल, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उडणारा सावरीचा कापूस. सगळ्यात जास्त घाण साचते ती कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत, आणि ती समोरून दिसत नाही. वॉशिंग सेंटरवर समोरून धुऊन आणलेली गाडी म्हणजे जाळी साफ झाली असं नाही. उलट तिथल्या प्रेशर गनने नाजूक पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. बागेच्या पाइपाचं साधं पाणी, शक्य तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा. दोन-तीन उन्हाळ्यांतून एकदा मेकॅनिककडून कंडेन्सर थोडा पुढे ओढून मधली फट साफ करून घ्या.

गाडीला पूर्वी समोरून ठोकर बसली असेल तर पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कवच जागेवर आहे ना, तेही बघा. दुरुस्तीत ते तुटलेलं काढून टाकतात आणि परत लावतच नाहीत. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत बसतो. समोरच्या ग्रिलला हौसेने किंवा उंदरांच्या भीतीने बारीक जाळी लावली असेल तर ती उन्हाळ्यापुरती तरी काढा.

गावात ठीक, समृद्धीवर तापते

हा उलटा प्रकार. शहरात काटा हलत नाही. शिवमडक्याहून समृद्धीवर चढून १२० च्या मर्यादेजवळ अर्धा तास गाडी ठेवली की काटा चढतो. वारा भरपूर आहे, तेव्हा पंख्याचा संबंध नाही. अशा वेगावर इंजिन शहरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता तयार करतं आणि ती वाहून न्यायला कूलंटचा प्रवाह कमी पडतोय.

आधी कूलंटची पातळी बघा, इंजिन पूर्ण थंड असताना. पातळी ठीक असली तर उरतात आतून बुजलेला रेडिएटर, वॉटर पंप, आणि अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट. रेडिएटर बुजलाय का, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने पाच मिनिटांत कळतं. गरम रेडिएटरच्या पृष्ठभागावर तो फिरवला आणि मधेच काही पट्टे थंड निघाले तर त्या नळ्यांतून कूलंट जातच नाहीये. हल्लीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लास्टिकच्या. जुन्या पितळी रेडिएटरसारखं ते उघडून रॉडिंग करणं, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करणं, बहुतेकदा टिकत नाही. फार बुजला असेल तर नवीन घेतलेला बरा.

वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गळायला लागलं की तिथून कूलंट येतं आणि वाळून रंगीत-पांढरी खपली धरते. खपली दिसली किंवा पंपाच्या बाजूने घरघर येत असली की पंप गेला समजा. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, कारण मजुरी एकदाच लागते आणि तिथे पोचायला सगळं खोलावंच लागतं.

चिखलदऱ्याच्या घाटात तापते, अशीही तक्रार येते. चढावर वेग कमी, भार जास्त, म्हणजे वारा कमी आणि उष्णता जास्त. वरचे दोन्ही प्रकार तिथे एकत्र येतात, त्यामुळे घाटातल्या अनुभवावरून निदान करू नका. गावात आणि सपाट हायवेवर वेगवेगळं तपासा.

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा लाल

थर्मोस्टॅट हा इंजिन आणि रेडिएटरच्या मधला दरवाजा. इंजिन थंड असताना बंद, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तो बंदच अडकला की इंजिनातलं कूलंट उकळतं आणि रेडिएटर थंडच राहतो. ओळखायला सोपं आहे: काटा वर, इंजिनाकडून येणारा पाइप चटका देणारा आणि रेडिएटरच्या दुसऱ्या बाजूचा पाइप कोमट. पाइपाला बोट नुसतं टेकवून बघा, पकडू नका.

कूलंट नुकतंच बदललं आणि लगेच हे सुरू झालं तर आत हवा अडकली असणार. कूलंट घाईत ओतून झाकण लावलं की हवेचा फुगा इंजिनात राहतो. हीटर गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून, पंखा एक-दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवून ती काढावी लागते. गर्दीच्या दिवसांत गॅरेजमध्ये एवढा वेळ कुणी देत नाही. तुम्ही समोर उभे राहून करून घ्या.

काटा नॉर्मल, पण बोनेटखालच्या बाटलीतलं कूलंट सारखं कमी होतं

गाडी तापतच नाही म्हणून लोक इथे दुर्लक्ष करतात आणि दर महिन्याला पाणी टाकत राहतात. कूलंट बंद चक्रात फिरतं. ते पेट्रोलसारखं खर्च होत नाही. कमी होतंय म्हणजे कुठून तरी जातंय.

गाडीखालचं पाणी बघून घाबरू नका. एसी चालवल्यावर पुढच्या सीटखालच्या बाजूला टपकणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी हवेतल्या ओलाव्याचं असतं. कूलंट मात्र रंगीत, किंचित बुळबुळीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे आहे ते कळेल. सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. त्यातलं ग्लायकॉल विषारी आहे, आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

पुठ्ठा कोरडा असला तरी गळती नाही असं नव्हे. गरम इंजिनावर पडलेला थेंब जागच्या जागी वाळतो, खाली पोचतच नाही. म्हणून होज पाइपांच्या टोकांना क्लिपांजवळ, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीवर आणि पंपाखाली वाळलेली खपली शोधा. शेजारच्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग ओलं, आत गोड वास, काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरचा आतला छोटा रेडिएटर गळतोय.

यावरची खरी तपासणी म्हणजे प्रेशर टेस्ट. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि वीसेक मिनिटं काटा उतरतो का बघतात. उतरला तर गळती आहे, आणि दाबाखाली ती बहुधा डोळ्यांना दिसते. गॅरेज निवडताना "प्रेशर टेस्टर आहे का?" हा प्रश्न विचारा. तो नसलेल्या ठिकाणी वारंवार कमी होणाऱ्या कूलंटचं निदान म्हणजे अंदाजपंचे.

झाकण: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित

यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण झाकण पाहिलंच जात नाही आणि त्याच्यासाठी अख्खा रेडिएटर बदलला जातो.

साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. अर्धं पाणी, अर्धं ग्लायकॉल असलेलं कूलंट १०७-१०८ च्या आसपास. झाकण आतला दाब सुमारे १ बारने वाढवतं आणि तेच कूलंट मग साधारण १२८-१२९ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे उकळण्यापासूनचं वीसेक अंशांचं संरक्षण एका झाकणावर अवलंबून आहे. त्याचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब धरत नाही. सगळं बाकी ठीक असूनही कूलंट उकळतं, बाटलीतून बाहेर सांडतं आणि मालकाला वाटतं गळती आहे.

झाकणात दुसरा एक छोटा उलटा वॉल्व असतो. बाजूला बाटली आणि झाकण रेडिएटरवर, अशी रचना असलेल्या गाड्यांत इंजिन तापलं की कूलंट फुगून बाटलीत जातं आणि थंड झालं की या वॉल्वमधून परत ओढलं जातं. हा वॉल्व अडकला की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा होत जातो. फक्त बाटली बघणारा मालक इथे फसतो. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा: कूलंट काठापर्यंत हवं. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज पाइप चपटा झालेला दिसला तर तोही याच वॉल्वचा पुरावा.

दुसऱ्या रचनेत रेडिएटरला झाकणच नसतं, जाड प्लास्टिकच्या टाकीलाच दाबाचं झाकण असतं. तिथे टाकीवरची खूण खरी मानायची. ही टाकी उष्णतेने वर्षानुवर्षांत पिवळी पडते आणि शिवणीवर केसासारखी तडकते.

झाकण बदलताना जुन्यावर लिहिलेला आकडा, ०.९ किंवा १.१ वगैरे, तंतोतंत तोच घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुने पाइप आणि टाकी फुटतात. आणि गरम इंजिनाचं झाकण कधीही, कितीही घाई असली तरी, कापड धरूनसुद्धा उघडू नका. दाब सुटताक्षणी आतलं कूलंट उकळून तोंडावर उडतं. असे भाजण्याचे प्रकार दर उन्हाळ्यात होतात.

बोअरचं पाणी आणि कूलंटचा रंग

नळाला पेंच-कन्हानचं पाणी येत असलं तरी शहराच्या कडेच्या कितीतरी लेआउटांत गाडीपर्यंत पोचतं ते बोअरचंच पाणी. बादलीवर जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो, फक्त तिथे तो घासता येत नाही. शिवाय साध्या पाण्याने कूलंटमधली गंजरोधक रसायनं पातळ होतात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. रस्त्यात अडलात तर कुठलंही पाणी टाका, इंजिन वाचवणं महत्त्वाचं. मात्र आठवड्याच्या आत ते काढून योग्य मिश्रण भरा. घरी टाकायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिसळलेलं कूलंट.

रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं म्हणजे एक प्रकार आणि लाल-गुलाबी म्हणजे दुसरा, असा ठोकताळा आहे, पण कंपन्या रंग आपापल्या मनाने ठेवतात. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट मिसळली तर आत जेलीसारखा चोथा होऊ शकतो. गाडीच्या पुस्तिकेत जे नाव आणि दर्जा लिहिलाय तो बघून घ्या, बदलायची मुदतही तिथेच असते. "जास्त कूलंट, जास्त थंड" हेही चूक. शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. पाणी मिसळायचं कूलंट तसंच्या तसं भरलेली गाडी उलट जास्त तापते.

हे उपाय कुणी सुचवले तर नाही म्हणा

"थर्मोस्टॅट काढून टाकू, नागपुरात त्याचं काय काम?" हे फार ऐकू येतं. काढल्यावर गाडी काही दिवस थंड चालते, म्हणून तो उपाय खरा वाटतो. पण मग इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि डिसेंबरच्या सकाळी हीटर चालत नाही. शिवाय रेडिएटर बुजलेला असेल तर मूळ दुखणं झाकलं जातं. खराब असेल तर नवीन बसवा.

"पंखा डायरेक्ट करून देतो." म्हणजे सेन्सर बाजूला ठेवून पंखा स्विचला जोडायचा. घरी पोचण्यापुरतं ठीक. कायमचं केलं तर मोटर लवकर झिजते, वायर तापते, आणि एखाद्या दिवशी स्विच लावायचं राहून गेलं की इंजिन जातं.

गळतीला हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकणं हाही जुना उपाय. भोक बुजवणारी वस्तू बारीक नळ्याही बुजवते, आणि हीटरचा छोटा रेडिएटर सर्वांत आधी.

रस्त्यात काटा चढला तर

लाल रेषेच्या खाली असेल तर एसी बंद करा, काचा खाली करा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण जोरात लावा. मे महिन्यात हे नकोसं वाटेल, पण हीटर म्हणजे एक जादा रेडिएटर आहे आणि त्याने काटा खरोखर उतरतो. दोन मिनिटांत उतरला नाही, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. "पुढच्या चौकापर्यंत नेतो" म्हणणाऱ्यांच्याच इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा धातूचा भाग, वाकतं. वाफ थांबेपर्यंत बोनेट उघडू नका. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, तोवर माणसांना सावलीत बसवा. गरम इंजिनावर बाहेरून थंड पाणी मारू नका, धातू तडकतो.

चढलेला काटा अचानक खाली पडला आणि इंजिन मात्र जड चालतंय, असं झालं तर सुटकेचा श्वास टाकू नका. कूलंट संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं तापमान दाखवतो. तिथेच थांबा.

पुष्कळ गाड्यांत हल्ली काटाच नसतो, थंड इंजिनाचा निळा आणि तापलेल्याचा लाल दिवा एवढंच. काटा असला तरी तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मधेच उभा राहतो आणि मग एकदम चढतो. म्हणून ज्यांना हा त्रास वारंवार होतोय त्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घ्यावं आणि मोबाइलवर खरा आकडा बघावा. बहुतेक गाड्यांत ९० ते १०० मधली ये-जा नेहमीची. १०५ ओलांडून चढतच राहिला तर एसी बंद करा, ११० च्या पुढे थांबा.

हेड गॅसकेटची शंका कधी घ्यायची

हेड गॅसकेट म्हणजे इंजिन आणि हेड यांच्या मधली पॅकिंग. वरचं सगळं तपासून झालं, बाहेर कुठे गळती नाही, तरी कूलंट जातंय. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं की टाकीत सतत बुडबुडे. सुरू केल्यावर मिनिटभरात होज पाइप दगडासारखे टणक. ऑइलच्या पट्टीवर दुधी फेस. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर हेड खोलायला हो म्हणायच्या आधी रसायनाची तपासणी मागा. टाकीतली हवा निळ्या द्रवातून ओढतात, त्यात जळालेला वायू असेल तर द्रव पिवळट होतो. खर्च थोडा आणि उत्तर बरंचसं स्पष्ट. द्रव पिवळट झाला तर हेड काढावंच लागेल. तेव्हा हेड सपाट आहे का ते मोजून, गरज असेल तरच फेसिंग (घासून सपाट करणं) करून घ्या, आणि ज्या कारणाने ते तापलं ते कारण दुरुस्त झालंय का, हे लेखी विचारा. नुसती पॅकिंग बदलून गेलेल्या गाड्या पुढच्या उन्हाळ्यात परत येतात.

गॅरेजमधून गाडी घरी आली की पहिल्या थंड सकाळी बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. नंतर महिनाभर दर रविवारी, गाडी सुरू करायच्या आधी, त्याच जागी उभी करून बघा. हवा बाहेर पडल्याने पहिल्या आठवड्यात थोडी पातळी उतरू शकते, तेवढी एकदा भरून रेघ नव्याने मारा. त्यानंतरही ती उतरली तर आधी फोटो काढा, मग लागेल तेवढं कूलंट भरा आणि दोन्ही फोटो घेऊन त्याच गॅरेजला प्रेशर टेस्ट पुन्हा करायला सांगा.